व्यायामाची नोंद ठेवणारं, इंटरनेट न लागणारं, स्वतःपुरतं ॲप: कसं बांधावं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

व्यायामाची नोंद ठेवायला स्वतःपुरतं एक छोटं ॲप बांधायला घेतलंय. अर्धं झालंय आणि काही निर्णयांवर गाडी अडलीय. इथे वेब आणि अँड्रॉइडवर काम करणारे आहेत, तालमीत घाम गाळणारेही आहेत, म्हणून दोघांना एकदमच विचारतो.

आधी गरज सांगतो. आठवड्यातले तीन दिवस जिममध्ये बार (वजनं लावलेली दांडी): स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस. बाकीचे दिवस घरी गच्चीवर जोर, बैठका आणि मुद्गल. जिम तळघरात आहे, तिथे रेंज अजिबात नाही. आतापर्यंत सगळी नोंद वहीत आहे. वही मला आवडते, पण मागच्या खेपेला याच व्यायामाला किती वजन होतं हे बघायला पानं उलटत बसावं लागतं, आणि दोन सेटच्या (सलग आवर्तनांच्या दोन खेपांच्या) मध्ये तेवढी सवड नसते.

तयार ॲपही वापरून पाहिली. त्यांच्यामागे मेहनत आहे, ते नाकारत नाही. पण उघडताक्षणी खातं काढा, यादीत मुद्गल नाही, स्वतःचे व्यायाम ठरावीक संख्येपुढे घालायचे तर वर्गणी भरा. यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त खटकते. मी आज लिहिलेलं मला पंधरा वर्षांनी वाचता येईल की नाही, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी धंद्यावर अवलंबून राहतं. व्यायामाची नोंद ही महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट नव्हे. तिचा खरा उपयोग वर्षं उलटल्यावर होतो: खांदा पहिल्यांदा कधी दुखला, तेव्हा किती वजन चाललं होतं, त्यानंतर काय बदललं. म्हणून माझी पहिली अट अशी की ॲप नसलं तरी नोंद वाचता आली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

आतापर्यंत ठरवलेलं असं. पडदा एकच. वर व्यायामाचं नाव, त्याखाली मागच्या वेळचे सेट फिकट अक्षरांत, त्याखाली आजचे. वजन आणि रेप्स (एका सेटमधली आवर्तनं) मागच्या वेळचेच भरून येतात. तेवढेच झाले तर 'झाला' या मोठ्या बटणावर एक टिचकी, बदल असेल तर अधिक-उण्याची बटणं. प्रत्येक सेट त्या क्षणी साठतो. 'सत्र जतन करा' असं बटणच नाही, कारण मध्येच फोन आला किंवा बॅटरी संपली तर तोवरचं सगळं जागेवर राहायला हवं.

आलेख नाहीत, पदकं नाहीत, 'सलग इतके दिवस' असली मोजदाद नाही. ही शेवटची तर मुद्दाम नाही. विश्रांतीचा दिवस हा व्यायामाचाच भाग आहे, त्याला खाडा म्हणणारं ॲप मला नको.

अडलंय ते असं: वेबपान करावं की अँड्रॉइडचं खरं ॲप? माहिती फोनमध्ये कुठे साठवावी? आणि बारचे सेट आणि जोर-बैठका एकाच तक्त्यात कशा बसवाव्यात?

कोकणकडा

विषय जिव्हाळ्याचा आहे. माझं मत वेबपानाकडे.

एक एचटीएमएल फाइल, एक जावास्क्रिप्टची, एक मॅनिफेस्ट (ॲपचं नाव, चिन्ह सांगणारी फाइल) आणि एक सर्व्हिस वर्कर, एवढ्यात तुमचं काम होतं. सर्व्हिस वर्कर पहिल्या भेटीत या फाइली फोनमध्ये ठेवून घेतो, पुढे नेटवर्क असो वा नसो, पान तिथूनच उघडतं. एक अट मात्र आहे: तो एचटीटीपीएसवर (सुरक्षित वेबपत्त्यावर) किंवा लोकलहोस्टवरच (स्वतःच्याच यंत्रावरच्या सर्व्हरवर) चालतो. फोनमध्ये फाइल टाकून ती ब्राउझरने उघडली तर चालत नाही. त्यामुळे एकदा कुठेतरी फुकटच्या स्थिर होस्टिंगवर (नुसत्या फाइली ठेवायच्या वेबवरच्या जागेवर) पान चढवावं लागेल. तिथे फक्त कोड जातो, तुमची नोंद फोनमध्येच राहते.

साठवणीसाठी ब्राउझरमधलं लोकल-स्टोरेज नको. सोपं आहे, पण त्यात फक्त मजकूर राहतो आणि मर्यादा साधारण ५ एमबीची. हिशोब करून बघा: दिवसाला २० सेट, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६,००० सेट. एका सेटला १०० बाइट धरले तर वर्षाला ६ लाख बाइट, दहा वर्षांत ६ एमबी. शिवाय त्यात प्रत्येक वेळी सगळा गठ्ठा वाचून सगळा परत लिहावा लागतो, आणि तेवढा वेळ पान अडून राहतं. इंडेक्स्ड-डीबी, म्हणजे ब्राउझरमधलाच डेटाबेस, वापरा. तिची मूळ भाषा जरा किचकट आहे, डेक्सीसारखी छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतलीत तर सुसह्य होते.

आणि पान पहिल्यांदा उघडताच ब्राउझरकडे कायम साठवणीची परवानगी मागा. न मागितल्यास फोनची जागा भरली की ब्राउझर तुमची नोंद स्वतःहून काढून टाकू शकतो. फायरफॉक्स वापरणाऱ्याला विचारतो, क्रोम स्वतःच ठरवतो. पान फोनच्या मुख्य पडद्यावर (होम स्क्रीनवर) घेतलेलं असेल तर क्रोमचं उत्तर 'हो' येण्याची शक्यता वाढते.

आयफोनवाल्यांनी आणखी जपावं. सफारीत २०२० पासून नियम आहे की सफारी वापरलेल्या सात दिवसांत एखाद्या पानाशी काही देवघेव झाली नाही तर त्याने साठवलेलं पुसलं जातं. मुख्य पडद्यावर घेतलेल्या ॲपची यातून सुटका आहे, पण त्या ॲपची साठवण सफारीपेक्षा वेगळी असते. म्हणजे सफारीत महिनाभर नोंदी करून मग पान मुख्य पडद्यावर घेतलं तर ते रिकामं दिसेल. आधी मुख्य पडद्यावर घ्या, मग पहिली नोंद करा.

इरकल

कोकणकडा यांचं म्हणणं बरोबर आहे, तरी मी दुसऱ्या बाजूने बोलते. अँड्रॉइडचं काम मी रोज करते.

फोन अँड्रॉइडच असेल आणि नोंद खरोखर पंधरा वर्षं टिकवायची असेल, तर ब्राउझरच्या मेहेरबानीवर का राहायचं? कोटलिन भाषेत लिहा, साठवण रूम लायब्ररीने करा. तिच्याखाली एसक्यूलाइट (फोनमध्येच फाइल म्हणून राहणारा डेटाबेस) असतं. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली आणलं, ते सार्वजनिक मालकीचं आहे, आणि २०५० पर्यंत ते चालू ठेवायचं असं त्याच्या कर्त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच जतन करायला शिफारस केलेल्या प्रकारांत ते आहे. तुमची पहिली अट इथेच भागते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलीत) इंटरनेटची परवानगी लिहिलीच नाही तर ते ॲप नेटवर्कला हातही लावू शकत नाही. ही परवानगी वापरणाऱ्याला कधी विचारली जात नाही, बसवतानाच मिळून जाते, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. ती काढून टाकली की 'ऑफलाइन' हा नुसता शब्द राहत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः पहारा देते. फक्त बांधणी झाल्यावर एकत्रित मॅनिफेस्ट उघडून बघा. आपण लिहिलेली नसली तरी एखादी लायब्ररी ती परवानगी गुपचूप आणते.

आता सावधगिरी. अँड्रॉइड ६ पासून ॲपची माहिती आपोआप गूगल ड्राइव्हवर जाते, ॲपमागे २५ एमबीपर्यंत. तुम्ही काही केलं नाही तर हे चालूच असतं. काहींना हवंही असेल, पण ते ठरवून असावं.

सहीची किल्ली (ॲप तुम्हीच बांधलंय हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची गुप्त फाइल) जपा. अँड्रॉइड स्टुडिओ तुमच्या संगणकावर चाचणीची किल्ली आपोआप बनवतो आणि ॲपवर तिने सही करतो. संगणक बदलला की नवी किल्ली येते, सही जुळत नाही, नवी आवृत्ती जुनीवर बसत नाही. मग जुनं ॲप काढावं लागतं आणि त्याबरोबर सगळी नोंद जाते. स्वतःपुरतं ॲप बांधणाऱ्यांचा घात सगळ्यात जास्त इथेच होतो. पहिल्याच दिवशी स्वतःची किल्ली बनवा आणि तिची प्रत दोन ठिकाणी ठेवा.

आजचा_हिशोब

एवढा खटाटोप कशासाठी? फोनमध्ये एक स्प्रेडशीट, पाच रकाने: तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, टीप. नेट लागत नाही, फाइल आपली, हवे ते हिशोब करता येतात. मी अनेक वर्षं असंच करतो आहे.

पाटीपेन्सिल

@आजचा_हिशोब, तुमचा रस्ता चांगलाच आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तोच सांगेन. माझी अडचण फक्त हातातल्या वेळेची. घामेजल्या बोटांनी फोनवरचा बारीक चौकोन धरायचा, कळफलक उघडायचा, आकडा टाकायचा, पुढच्या चौकोनात जायचं, हे दर सेटला जमत नाही. मग माणूस 'घरी जाऊन लिहू' म्हणतो आणि तिसऱ्या सेटला आठ झाले की सात हे विसरतो. श्वास जागेवर यायच्या आत नोंद झाली पाहिजे, ही माझी कसोटी. ॲपमधून निघणारी फाइल मात्र अगदी तुमच्या पाच रकान्यांसारखीच असेल, हे आत्ताच ठरवून टाकतो.

@इरकल, किल्लीचं वाचून धडकी भरली. धन्यवाद.

लालमाती

मला कोडिंग येत नाही. मुलांना व्यायाम शिकवतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

जोर-बैठकांना बारच्या मापाने मोजू नका. बारवर वजन वाढवत जातात आणि रेप्स थोड्या असतात. तालमीत वजन आपलंच, वाढतो तो आकडा, आणि आकड्याबरोबर दम. शंभर बैठका एका दमात काढल्या की वीस-वीसच्या पाच खेपांत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून खेपा वेगळ्या लिहा आणि सगळ्याला मिळून किती वेळ लागला तेही लिहा. तोच आकडा कमी वेळात निघायला लागला की दम वाढला, दुसरा पुरावा नको.

मुद्गलाचं तर आणखी वेगळं. हात किती फिरवले, मुद्गल किती वजनाचा, आणि डावा की उजवा. बहुतेकांचा डावा हात मागे असतो. नोंद एकत्र ठेवली तर ते कधी दिसत नाही आणि खांदा एका बाजूने कुरकुरायला लागल्यावर कळतं. जोडी फिरवत असाल तर तसं लिहा. करेल (मुद्गलाच्याच जातीचं साधन) फिरवताना मूठ आणि मनगट आधी थकतं, ते टिपेत लिहून ठेवा.

आणि कृपा करून त्या ॲपला बैठकांचं 'एकूण उचललेलं वजन' काढू देऊ नका. माणसाचं वजन गुणिले पाचशे असा आकडा काढून काय मिळणार? त्या आकड्याच्या मागे लागून पोरं बैठक अर्धवट बसून उठतात. पूर्ण बसून काढलेल्या ऐंशी बैठका उथळ दोनशेंपेक्षा भारी.

पाटीपेन्सिल

लालमाती, हा प्रतिसाद माझ्यासाठी या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. यावरून तक्ता असा बदलतो. सेटच्या ओळीत चार मोजमापं: वजन, रेप्स, सेकंद, बाजू. चारही रिकामी राहू शकतात. आणि व्यायामाच्या ओळीत लिहायचं की या व्यायामाला यातली कुठली लागू आहेत. स्क्वॉटला वजन आणि रेप्स, बैठकांना रेप्स आणि सेकंद, मुद्गलाला वजन, रेप्स आणि बाजू, प्लँकला नुसते सेकंद. पडद्यावर तेवढेच रकाने दिसतील. वेगळे तक्ते करायची गरज उरत नाही.

प्रत्येक सेटला टीप असेल, आणि ती साध्या मजकुराची. 'झोप झाली नव्हती', 'गुडघ्यात कळ' हे कुठल्याही ठरावीक पर्यायांत बसत नाही, आणि मागे वळून बघताना आकड्यांइतकंच तेही लागतं.

कोकणकडा

एकूण वजनाचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. पुष्कळ ॲप 'एका रेपचं कमाल वजन' अंदाजाने दाखवतात. दोन सूत्रं जास्त चालतात. नेब्रास्का विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉइड एप्ली यांचं: वजन गुणिले (१ + रेप्स भागिले ३०). आणि मॅट ब्रिझिकी यांचं १९९३ चं: वजन गुणिले ३६, भागिले (३७ वजा रेप्स).

१०० किलोच्या ५ रेप्सना पहिलं ११६.७ सांगतं, दुसरं ११२.५. बरोबर १० रेप्सना दोघं एकच उत्तर देतात: ६० किलोला ८०. त्यापुढे फाटतात. ३७ रेप्सना ब्रिझिकींच्या सूत्रात भाजक शून्य होतो, म्हणजे कुणी पिशवी पाठीला बांधून ३७ बैठका काढल्या की ॲप अनंत किलो दाखवणार. आणि एप्लींच्या सूत्रात १ रेप घातली तर उचललंय त्यापेक्षा तीन टक्के जास्त येतं. तेव्हा हे दाखवायचंच असेल तर फक्त बारच्या व्यायामांना, २ ते १० रेप्सपर्यंत, आणि १ रेपला जे उचललं तेच. माझं विचाराल तर हा आकडा साठवू नका. साठवायचं ते प्रत्यक्ष घडलेलं. अंदाज हवा तेव्हा काढता येतो.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितेय. स्वतःसाठी असंच एक पान बांधून वापरते आहे. तीन ठिकाणी काळजी घ्या, तिन्ही दिसायला किरकोळ आहेत.

तारीख. जावास्क्रिप्टमध्ये तारीख मजकुरात बदलायला जो आयएसओचा सोपा मार्ग बहुतेक उदाहरणांत असतो, तो यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देतो. भारत साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी केलेला प्रत्येक सेट आदल्या दिवसाच्या तारखेखाली जातो. तालमीच्या वेळा बघता हे रोज घडेल! माझ्याकडे उलटं, हिवाळ्यात संध्याकाळी सातनंतरचं उद्याच्या तारखेत, उन्हाळ्यात आठनंतरचं. उपाय सोपा आहे. नेमका क्षण वेगळा साठवा आणि 'व्यायामाचा दिवस' ही स्थानिक तारीख साध्या मजकुरात वेगळी साठवा. नंतर कुठल्याही देशात फोन नेला तरी मंगळवारचा व्यायाम मंगळवारचाच राहतो.

वजन. इथल्या प्लेट पौंडांत. १ पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो, तेव्हा ४५ पौंडांची प्लेट २०.४१ किलो होते. साठवताना किलोत बदलून, दाखवताना परत पौंडांत आणलं की ४४.९९६ असले आकडे दिसायला लागतात. जे प्रत्यक्ष लावलं ते त्याच एककात साठवा आणि एकक शेजारी लिहा. रूपांतर फक्त दाखवताना. तुम्ही किलोतच राहणार असाल तर ग्रॅममध्ये पूर्णांक साठवा, ६१.२५ किलो म्हणजे ६१२५०, म्हणजे दशांशाच्या भानगडीच उरत नाहीत.

तिसरं, आपले आकडे. ॲप मराठीत करणार असाल तर ब्राउझरला 'मराठी, भारत' सांगून संख्या मांडली की आकडे देवनागरीत येतात, १२.५ असे. दिसायला सुंदर. पण तोच मजकूर परत संख्येत बदलायला गेलात तर जावास्क्रिप्टला देवनागरी अंक कळत नाहीत, उत्तर 'संख्या नाही' असं येतं. मराठी कळफलकावरून कुणी ६० टाइप केलं तरी तेच. देवनागरीचे दहाही अंक युनिकोडमध्ये ओळीने आहेत, तेव्हा आत घेताना बदलून घेणारं दोन ओळींचं फंक्शन लिहा. दाखवायचे आकडे देवनागरीत, साठवायचे आणि फाइलीत जाणारे नेहमीच्या अंकांत.

इरकल

हडसनकाठ ताई, तिसऱ्या मुद्द्याला माझं जोरदार अनुमोदन. अँड्रॉइडवरही हेच होतं. फोनची भाषा मराठी असेल आणि मजकूर बनवताना भाषा स्पष्ट सांगितली नसेल, तर आकडे देवनागरीत जातात आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) बिघडते. अँड्रॉइड स्टुडिओ याबद्दल पिवळी सूचना देतो, बहुतेक जण ती दुर्लक्षितात. ज्यांच्या फोनची भाषा इंग्रजी आहे त्यांना हा दोष कधी दिसतच नाही. मराठीत फोन वापरणाऱ्यांनी स्वतः बांधलेली ॲप वाढायला हवीत, याचं हे एक कारण.

शिकाऊ

मी प्रोग्रामर नाही, पण हे सगळं वाचून करून बघावंसं वाटतंय. एआयकडून कोड लिहून घेतला तर चालेल का? आणि विश्रांतीचा टायमर घालायचा आहे, तो अवघड असतो का? स्क्रीन बंद झाली की थांबतो म्हणे.

कोकणकडा

@शिकाऊ, जरूर घ्या. एवढं छोटं ॲप त्याच्याकडून चांगलं लिहून होतं. पण साठवण, फाइल काढणं आणि फाइल परत घेणं हे तीन भाग स्वतः वाचा, प्रत्येक ओळ कळेपर्यंत विचारत राहा. बाकी रंग, बटणं चुकली तरी काही बिघडत नाही. परीक्षा घ्यायची ती अशी: विमान मोड चालू करा, ब्राउझर पूर्ण बंद करून पान नव्याने उघडा, पाच सेट नोंदवा, फोन बंद करून चालू करा, पाचही सेट आहेत का बघा.

टायमर दर सेकंदाला एक वजा करत बसू नये. पान मागे गेलं किंवा पडदा बंद झाला की ब्राउझर त्या ठोक्यांची गती मंदावतो, कधी पूर्ण थांबवतो. सेट संपताच 'विश्रांती कधी संपणार' ती घड्याळाची वेळ साठवा. पडद्यावर जे दिसतं ते त्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करून. मग फोन मध्ये झोपला तरी उठल्यावर आकडा बरोबरच असतो. पडदा जागा ठेवायची सोय आता ब्राउझरमध्ये आहे, पण तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आलात की ती सुटते, परत मागावी लागते.

बंद पडद्यावर वेळेवर वाजणारी घंटा मात्र वेबपानाला भरवशाने जमत नाही. ती हवीच असेल तर इरकल यांचा मार्ग धरा.

आजचा_हिशोब

खातं आणि गुप्तता हा विषय पाटीपेन्सिल यांनी एका वाक्यात उरकला, त्यावर थोडं. माणसाला वाटतं, माझ्या बैठकांत कुणाला काय रस. २०१७ च्या नोव्हेंबरात स्ट्राव्हा या धावणं-सायकल नोंदवणाऱ्या ॲपने जगभरच्या धावण्या-सायकलींच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. नावं काढलेली होती. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून सैनिकी तळांचे आराखडे ओळखले, कारण ओसाड मुलखात गोल गोल धावणारे सैनिकच होते. त्याच वर्षी मायफिटनेसपाल या आहार-व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची वापरनावं, ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. जी माहिती फोनबाहेर गेलीच नाही तिची अशी चिंता करावी लागत नाही. या एका मुद्द्यावर मी पाटीपेन्सिल यांच्या खटाटोपाच्या पूर्ण बाजूने आहे.

लालमाती

हे पटलं. फक्त फोन हरवला तर?

पाटीपेन्सिल

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे इथे सविस्तर लिहितो. ऑफलाइन म्हणजे राखायची जबाबदारी आपली. ढगात (क्लाउडवर, दुसऱ्याच्या सर्व्हरवर) कुणी प्रत ठेवत नाही.

मी ठरवलंय ते असं. ॲप वेबपानच करतो, कारण घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही आहेत. आयफोनसाठी खरं ॲप बांधून स्वतःच्या फोनवर ठेवायचं तर फुकटच्या खात्यावर ते सात दिवसांनी परत बसवावं लागतं, नाहीतर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर भरायचे. स्वतःपुरत्या ॲपला ते झेपणारं नाही.

नोंद बाहेर काढायच्या दोन फाइली. एक जेसन (ॲपला परत वाचता येईल असा रचनाबद्ध मजकूर), ज्यात सगळं जसंच्या तसं आणि वर तक्त्यांच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक. उद्या मी एखादा रकाना वाढवला तर जुनी फाइल कुठल्या रचनेची आहे ते ॲपला त्यावरून कळेल. दुसरी सीएसव्ही, आजचा_हिशोब यांच्या पद्धतीची, जी साध्या वहीसारखी वाचता येते. रविवारी व्यायाम झाला की खाली पट्टी येते: 'या आठवड्याची प्रत काढा'. दाबलं की फोनचं नेहमीचं शेअर उघडतं, मी ती फाइल घरच्या लॅपटॉपवर पाठवतो.

परत घेण्याची चाचणी त्याहून महत्त्वाची. प्रत काढणं सगळे करतात, ती परत घालून बघत कुणी नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये रिकामं पान उघडायचं, फाइल घालायची, सेटची एकूण संख्या आणि शेवटची तारीख जुळते का बघायचं. हे जुळेपर्यंत जुनी वही बंद करायची नाही, असं मी स्वतःला बजावलंय.

आणि पानाचा पत्ता बदलायचा नाही. ब्राउझर माहिती पत्त्यानुसार ठेवतो. होस्टिंग बदललं की नवा पत्ता, आणि नव्या पत्त्यावर ॲप रिकामं. जुन्या पत्त्यावर माहिती असते, पण तिथलं पान उघडेनासं झालं तर ती हाती लागणं मुश्कील. बदलायचाच असेल तर आधी जेसन काढायची.

इरकल

अँड्रॉइडवाल्यांसाठी याच मुद्द्यावर एक भर. एसक्यूलाइटची फाइल उचलून नुसती कॉपी करू नका. रूम लायब्ररी नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिते आणि नंतर मुख्य फाइलीत मिसळते. फक्त मुख्य फाइल घेतलीत तर नेमके शेवटचे व्यायाम त्यात नसतील. डेटाबेस बंद करून मग कॉपी घ्या, किंवा सरळ सीएसव्ही काढा.

हडसनकाठ

एक विचारायचं होतं. मी काही व्यायाम आता करत नाही, ते यादीत अडचण करतात. तुम्ही काढून टाकायची सोय देताय का? मी काढले तर जुने सेट अनाथ होतील अशी भीती वाटते.

पाटीपेन्सिल

काढून टाकायचं बटण व्यायामाला दिलेलंच नाही. व्यायामाच्या ओळीत 'चालू' असा एक हो-नाहीचा रकाना आहे. नाही केलं की तो निवडायच्या यादीतून जातो, जुन्या नोंदीत नावासकट राहतो. आणि प्रत्येक सेट व्यायामाच्या नावाला न बांधता त्याच्या क्रमांकाला बांधलाय. उद्या 'बैठका' बदलून 'साध्या बैठका' केलं तरी मागचे सगळे सेट नव्या नावाखाली येतात. सीएसव्ही काढताना मात्र क्रमांकाऐवजी नाव लिहितो, कारण ती फाइल माणसाने वाचायची आहे.

सेट मात्र पुसता येतो, चुकून दोनदा टिचकी बसते म्हणून. पुसल्यावर पाच सेकंद 'परत आणा' दिसतं. खात्री विचारणारी चौकट घातली नाही, ती दर वेळी एक जास्तीची टिचकी मागते.

तुमच्याकडे आधीच काही व्यायाम पुसले गेले असतील तर जुन्या जेसनमध्ये त्यांचे क्रमांक सापडतील. त्या क्रमांकाची ओळ व्यायामांच्या तक्त्यात हाताने घातलीत की सेट परत जोडले जातील.